पीटरहॉफ : पाणी, सत्ता आणि पुनर्निर्माण

प्रास्ताविक

राजप्रासादांविषयीचे लेखन बहुधा दोन वाटांनी जाते. पहिली वाट वर्णनाची. तीत दालनांची संख्या, सोन्याचा मुलामा, आरसे आणि झुंबरे यांची मोजदाद होते. दुसरी वाट वंशावळीची. तीत कोणत्या राजाने काय बांधले आणि कोणत्या राणीने काय बदलले यांची जंत्री मिळते. या दोन्ही वाटांचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु फिनलंडच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील पीटरहॉफ या रशियन सम्राटांच्या प्रासाद-परिसराचा विचार करताना त्या अपुऱ्या पडतात. आज तेथे जाणारा प्रेक्षक जे वैभव पाहतो, त्यातील फार मोठा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने घडवलेला आहे. ज्या सोनेरी सॅमसनचे चित्र पीटरहॉफची ओळख म्हणून जगभर पोहोचले आहे, ती मूर्ती १९४७ सालची आहे. अशा स्थितीत पीटरहॉफचे वैभव नेमके कशात आहे, असा प्रश्न उभा राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मूर्ती बदलल्या, भिंती जळाल्या, राजवंश संपला आणि काही काळ गावाचे नावही बदलले. परंतु दूरच्या उंचवट्यावरून पाणी आणणारी व्यवस्था आणि ती राखणारे कौशल्य यांचा धागा सुमारे तीनशे वर्षे टिकून राहिला. युद्धात तो तुटला, तेव्हा तो पुन्हा जोडण्यात आला. पीटरहॉफचे वैभव वस्तूंपेक्षा या सातत्यात शोधावे लागते, असे येथे सुचवावयाचे आहे.

१. समुद्राभिमुख प्रासाद

पीटरहॉफच्या जन्माचे कारण सौंदर्यदृष्टीत नसून युद्धनीतीत आहे. स्वीडनविरुद्धचे उत्तरेचे महायुद्ध १७०० साली सुरू झाले. १७०३ साली पीटर द ग्रेटने नेवा नदीच्या मुखाशी सेंट पीटर्सबर्गचा पाया घातला आणि लगोलग कोटलिन बेटाजवळ सागरी तटबंदीचे काम हाती घेतले. या कामावर देखरेख करण्यासाठी त्याला वारंवार आखात ओलांडावे लागे. या प्रवासात थांबण्यासाठी दक्षिण किनाऱ्यावर एक लहानसे लाकडी घर होते. १७०५ साली पीटरहॉफचा पहिला उल्लेख मिळतो तो या मुक्कामाच्या जागेचा. 'पीटरचा दरबार' असा या नावाचा अर्थ. तो पुढे वैभवाने सार्थ झाला, तरी आरंभी ती केवळ एका कष्टाळू राज्यकर्त्याची वाटेवरची विश्रांतीची जागा होती.

१७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत स्वीडिश सैन्याचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर नव्या राजधानीचे भवितव्य सुरक्षित दिसू लागले आणि १७१४ साली पीटरहॉफ येथे पक्क्या बांधकामास प्रारंभ झाला. आरंभीच्या आराखड्यांत स्वतः पीटरचा सहभाग होता. योहान ब्राउनश्टाइन, झाँ-बाप्तिस्त लब्लों आणि निकोलो मिकेत्ती या परदेशी वास्तुकारांनी ते पुढे नेले. १७१७ साली पीटरने फ्रान्समध्ये व्हर्साय आणि मार्ली येथील उद्याने पाहिली. पीटरहॉफला 'रशियाचे व्हर्साय' म्हणण्याची प्रथा या भेटीशी जोडली जाते. तथापि या उपमेने एक मूलभूत भेद झाकला जातो. व्हर्साय हा भूमीवरील सत्तेचा प्रासाद आहे. त्याची वाट पॅरिसहून येते. पीटरहॉफचे तोंड समुद्राकडे आहे. मुख्य प्रासादाच्या पायथ्यापासून आखातापर्यंत एक सरळ कालवा जातो आणि अठराव्या शतकात पाहुणे याच कालव्याने नौकेतून येत असत. बाल्टिकचा किनारा नसलेल्या राज्याने तो मिळवला, ही घोषणाच या रचनेतून केलेली आहे.

पीटरची स्वतःची आवड मात्र मुख्य प्रासादाहून वेगळी होती. त्याने किनाऱ्यालगत 'माँप्लेझिर' नावाचे एकमजली विटांचे घर डच धर्तीवर बांधवून घेतले. 'माझा आनंद' हा त्या फ्रेंच नावाचा अर्थ. त्याच्या गच्चीवरून एका बाजूस क्रोनश्टाट आणि दुसऱ्या बाजूस पीटर्सबर्ग दिसत असे. भिंतींवर डच आणि फ्लेमिश चित्रकारांची समुद्रचित्रे होती. येथे राहणाऱ्या पाहुण्यांसाठी पीटरने लेखी नियम केले होते. बूट घालून पलंगावर झोपू नये, हा त्यांतील एक. आपल्या सरदारांना युरोपीय शिष्टाचार शिकवण्याची त्याची धडपड या एका नियमातूनही दिसते.

२. पाण्याचे शास्त्र

पीटरहॉफमध्ये सुमारे १५० कारंजी आणि अनेक जलप्रपात आहेत. त्यांच्या संख्येपेक्षाही त्यांच्या चालण्याची रीत अधिक लक्षणीय आहे. व्हर्सायमध्ये पाणी वर चढवण्यासाठी सीन नदीवर प्रचंड यंत्र उभारावे लागले, आणि तरीही सर्व कारंजी एकाच वेळी दीर्घकाळ चालवता येत नसत. पीटरहॉफमध्ये पंप नाहीत. उंचावरील पाणी स्वतःच्या भाराने उतरते आणि त्याच दाबाने कारंज्यातून उसळते.

ही योजना प्रत्यक्षात येण्यास कारण ठरला तेथील भूगोल. किनाऱ्यापासून काही अंतरावर जमिनीला सुमारे १६ मीटर उंचीची नैसर्गिक पायरी आहे. मुख्य प्रासाद या पायरीच्या कडेवर आहे; वर 'वरचे उद्यान' आणि खाली समुद्रापर्यंत 'खालचे उद्यान' अशी मांडणी आहे. परंतु केवळ या पायरीने कारंजी चालली नसती; वर अखंड पाणीही हवे. १७२० साली दक्षिणेकडील रोपशाच्या उंचवट्यावरील झरे पीटरने हेरले. जलतज्ज्ञ वासिली तुवोलकोव्ह याच्या देखरेखीखाली सुमारे २२ किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला आणि ऑगस्ट १७२१ मध्ये त्यातून पाणी सोडण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस, जुन्या रशियन कालगणनेनुसार, न्यूश्टाट येथे स्वीडनशी तह झाला आणि बाल्टिकचा किनारा रशियाला कायमचा मिळाला. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये पीटरने सम्राटपद धारण केले. १७२३ च्या ऑगस्टमध्ये पीटरहॉफचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले, तेव्हा पाहुण्यांसमोर उसळणारे पाणी आणि नुकताच मिळालेला समुद्र या दोन गोष्टी एकाच विजयाच्या खुणा होत्या.

वरच्या उद्यानातील तलाव दिसावयास शोभेचे असले, तरी खालच्या प्रपातांना पाणी पुरवणारे ते साठे आहेत. सॅमसन कारंज्याची धार २० मीटरच्या वर जाते. म्हणजे ज्या पायरीवर प्रासाद उभा आहे तिच्याहूनही उंच. यासाठी पाणी प्रासादाहून अधिक उंचीवरून आणावे लागते. येथील प्रत्येक धारेची उंची ही दूरवरच्या एखाद्या साठ्याच्या पातळीचे मोजमाप आहे, असे म्हणता येईल. हेच पाणी उपयोगाच्या कामालाही जुंपले गेले. पीटरच्या काळातच येथे दगड कापण्याची व त्याला झिलई देण्याची गिरणी सुरू झाली आणि तिची चाके याच पाण्यावर फिरत. या गिरणीतून पुढे रत्नपाषाणांचे काम करणारा शाही कारखाना आणि विसाव्या शतकात घड्याळांचा कारखाना उभा राहिला.

महाप्रपाताच्या मध्यभागी असलेला सॅमसन १७३५ साली, पोल्टाव्हाच्या विजयाला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, बसवण्यात आला. ती लढाई संत सॅम्पसनच्या दिवशी झाली होती आणि सिंह हे स्वीडनच्या राजचिन्हात होते. सिंहाचा जबडा फाडणारा सॅमसन म्हणजे कोण, हे त्या काळच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नसे. ही पहिली मूर्ती शिशाची होती. मऊ धातूच्या अशा मूर्ती कालांतराने वाकल्या व झिजल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोझलोव्स्की, शुबिन, मार्तोस, श्चेद्रिन आदी रशियन शिल्पकारांनी त्यांच्या जागी ब्राँझच्या मूर्ती घडवल्या. या बदलाची नोंद घेणे आवश्यक आहे. जुने जाऊन त्या जागी त्याच अर्थाचे नवे येणे ही पीटरहॉफची रीत युद्धापूर्वीच सुरू झालेली होती.

३. राण्यांचा काळ

१७२५ साली पीटरच्या मृत्यूनंतर पीटरहॉफ काही काळ मागे पडले. त्याची कन्या एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीत बार्तोलोमेओ फ्रान्चेस्को रास्त्रेल्ली या वास्तुकाराने मुख्य प्रासादाचा विस्तार केला. १७४० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दहा वर्षे हे काम चालले. पित्याच्या आटोपशीर इमारतीचा गाभा कायम ठेवून दोन्ही बाजूंना सज्जे आणि घुमटाकार टोकांच्या वास्तू जोडण्यात आल्या. समुद्राकडील दर्शनी बाजूची लांबी यामुळे २५० मीटरहून अधिक झाली. आतील दालने सोनेरी कोरीवकाम आणि आरसे यांनी भरून गेली.

दुसऱ्या कॅथरिनच्या काळात अभिरुची पालटली. युरी फेल्टेनने काही दालने संयत अभिजात शैलीत नव्याने सजवली. त्यांतील चेस्मे दालन विशेष उल्लेखनीय आहे. १७७० साली रशियन आरमाराने चेस्मे येथे तुर्की आरमाराचा नाश केला. त्या मोहिमेची बारा चित्रे जर्मन चित्रकार याकोब फिलिप हाकर्ट याच्याकडून करवून घेण्यात आली. जहाजाचा स्फोट त्याने कधी पाहिलेला नव्हता, म्हणून १७७२ साली इटलीतील लिव्होर्नोच्या बंदरासमोर अलेक्सेय ऑर्लोव्हने एक जहाज उडवून दाखवले. चित्राच्या अचूकतेसाठी जहाजाचा बळी देणारी ही सत्ता होती. दुसऱ्या एका दालनात पिएत्रो रोतारी याने काढलेली ३६८ व्यक्तिचित्रे भिंतभर लावलेली आहेत. चित्रकाराच्या मृत्यूनंतर कॅथरिनने ती विकत घेतली.

याच कॅथरिनच्या सत्तारोहणाची सुरुवातही पीटरहॉफमध्ये झाली. जून १७६२ मध्ये ती माँप्लेझिरच्या आवारात राहत होती. जुन्या कालगणनेनुसार २८ जूनच्या पहाटे अलेक्सेय ऑर्लोव्हने तिला उठवून पीटर्सबर्गला नेले. तिचा पती तिसरा पीटर आपला नामदिन साजरा करण्यासाठी त्याच दिवशी ओरानिएनबाउमहून पीटरहॉफला आला, तेव्हा ती तेथे नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याला सिंहासन सोडावे लागले. त्याला रोपशा येथे नेऊन ठेवण्यात आले आणि काही दिवसांतच तेथे त्याचा अंत झाला. ज्या रोपशाच्या झऱ्यांवर पीटरहॉफची कारंजी चालतात, तेच हे रोपशा. पीटर द ग्रेट आणि त्याचा पुत्र अलेक्सेय यांच्यातील संघर्षाचेही सावट या जागेवर आहे. निकोलाय गे याच्या १८७१ सालच्या प्रसिद्ध चित्रात पीटर आपल्या पुत्राची झडती घेत आहे, आणि ते दालन माँप्लेझिरचे आहे. १७१८ साली हा राजपुत्र कैदेत मरण पावला.

४. वैभवाचा भार

पीटरहॉफच्या वर्णनात बांधणाऱ्या हातांची नोंद क्वचित होते. वास्तुकारांची नावे टिकली, कालवा खोदणाऱ्या सैनिकांची टिकली नाहीत. नव्या राजधानीच्या परिसरातील बांधकामांवर दूरच्या प्रांतांतून सक्तीने आणलेले शेतकरी, कैदी आणि युद्धकैदी राबत होते. दलदलीची जमीन, थंडी आणि रोगराई यांत कित्येकांचा अंत झाला. या श्रमाचा हिशेब न मांडता पीटरहॉफला केवळ कलाकृती म्हणणे हे अर्धे सत्य ठरेल.

एकोणिसाव्या शतकात दरबारी वैभवाचे रूप बदलले. पहिल्या निकोलसने शेजारच्या जागेत अलेक्झांड्रिया हे उद्यान विकसित केले. तेथील 'कॉटेज' प्रासाद अॅडम मेनेलॉज याने १८२६ ते १८२९ या काळात गॉथिक धर्तीवर बांधला. भव्य दालनांऐवजी कौटुंबिक जिव्हाळ्याची घरे सम्राटांना हवीशी वाटू लागली होती. दुसरीकडे महाराणीच्या वाढदिवसानिमित्त खालचे उद्यान सर्व थरांतील लोकांसाठी खुले करून दीपोत्सव होत असे. फ्रेंच प्रवासी मार्की द क्युस्तीन याने १८३९ साली हा उत्सव पाहिला; त्याच्या प्रवासग्रंथात एकतंत्री राजवटीवर कठोर टीका आहे. प्रजेला एका रात्रीपुरते आत घेणारे हे उद्यान वर्षाचा उरलेला काळ कोणाचे होते, याचे उत्तर पुढच्या शतकाने दिले. क्रांतीनंतर प्रासादांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९१८ साली पीटरहॉफ संग्रहालय म्हणून सामान्यांसाठी खुले झाले. हा बदल निर्दोष होता असे नव्हे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत शासनाने परकीय चलनासाठी शाही संग्रहांतील अनेक कलावस्तू विकल्या.

५. १९४१ ते १९४४

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि तीन महिन्यांत आघाडी आखातापर्यंत पोहोचली. संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी हजारो वस्तू पेट्यांत भरून हलवल्या आणि अनेक मूर्ती जमिनीत पुरल्या. सर्व काही हलवणे शक्य नव्हते. २३ सप्टेंबर १९४१ रोजी पीटरहॉफ जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. ऑक्टोबरच्या आरंभी सुमारे ५०० सोव्हिएत नौसैनिक रात्री खालच्या उद्यानात उतरले; त्यांतील जवळजवळ सर्व जण मारले गेले. ज्या किनाऱ्यावर पाहुण्यांच्या नौका लागत, तेथे त्यांची प्रेते पडली.

१९ जानेवारी १९४४ रोजी पीटरहॉफ मुक्त झाले, तेव्हा मुख्य प्रासाद म्हणजे छत नसलेल्या जळक्या भिंती उरल्या होत्या. सॅमसन आणि इतर काही मोठ्या मूर्ती नाहीशा झाल्या होत्या. सॅमसन पुन्हा सापडला नाही. माँप्लेझिरमध्ये खंदकाची व्यवस्था करण्यात आली होती. तेथील लाखकामाच्या दालनात अठराव्या शतकाच्या आरंभी रशियन मूर्तिचित्रकारांनी चिनी धर्तीवर रंगवलेल्या ९४ फळ्या होत्या; त्यांपैकी केवळ तीन हाती लागल्या. झाडे तोडलेली होती, नळ फुटलेले होते आणि उद्यानात सुरुंग पेरलेले होते. त्याच महिन्यात गावाचे जर्मन वळणाचे नाव बदलून ते 'पेत्रोद्व्होरेत्स', म्हणजे पीटरचा प्रासाद, असे रशियन करण्यात आले.

६. पुनर्निर्माण आणि अस्सलपणा

येथे पीटरहॉफच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रश्न उपस्थित होतो. जे नष्ट झाले ते पुन्हा बांधावे काय? लेनिनग्राडचा ८७२ दिवसांचा वेढा नुकताच संपला होता. शहरात उपासमारीने लाखो माणसे मेली होती. घरे, रुग्णालये आणि कारखाने उभारावयाचे होते. अशा वेळी झारांच्या कारंज्यांवर खर्च करणे व्यवहाराच्या कसोटीवर अनाठायी वाटावे. तरीही निर्णय पुनर्निर्माणाचा झाला, आणि त्याची तयारी वेढा उठण्यापूर्वीच सुरू झालेली होती. १९४३ साली, शहर वेढ्यात असतानाच, इमारतींच्या कलाकामाची दुरुस्ती करणारे कारागीर तयार करण्यासाठी तेथे एक विद्यालय उघडण्यात आले. लाकडावरील कोरीवकाम, गिलाव्यातील नक्षी, सोन्याचा मुलामा ही कामे जाणणारे हात युद्धाने हिरावून घेतले होते. आधी हात घडवावे लागले, मग भिंती.

१९४५ च्या उन्हाळ्यात खालचे उद्यान लोकांसाठी उघडले. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिली काही कारंजी पुन्हा सुरू झाली. सॅमसन नव्याने घडवण्याचे काम शिल्पकार वासिली सिमोनोव्ह याच्याकडे आले. मूळ मूर्तीचा साचा उपलब्ध नव्हता. जुन्या छायाचित्रांवरून मापे काढून त्याने आकृती सिद्ध केली. तयार मूर्ती ट्रकवरून लेनिनग्राडच्या नेव्हस्की मार्गाने नेण्यात आली आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांनी तिचे स्वागत केले. १४ सप्टेंबर १९४७ रोजी सॅमसनची धार पुन्हा उसळली. मुख्य प्रासादातील पहिली दालने मात्र १९६४ साली खुली होऊ शकली, आणि इतर दालनांचे काम त्यानंतरही कित्येक दशके चालले.

१९६४ हेच वर्ष वास्तुसंवर्धनाच्या व्हेनिस सनदेचे आहे. जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, हे या सनदेचे एक मुख्य सूत्र. या कसोटीवर पीटरहॉफची पुनर्रचना वादग्रस्त ठरू शकते. जळून गेलेली छतचित्रे आणि नवे कोरीवकाम यांना अठराव्या शतकाचे म्हणता येत नाही, आणि ती तशी आहेत असा प्रेक्षकाचा समज होत असेल तर ती फसवणूक ठरेल. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की, हे काम अंदाजावर न चालता रेखाचित्रे, छायाचित्रे, सुरक्षित राहिलेल्या मूळ वस्तू आणि ढिगाऱ्यातून वेचलेले तुकडे यांच्या आधारे झाले. दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. सनदेची कसोटी मुख्यतः काळाने झिजलेल्या वास्तूंसाठी आहे. हेतुपुरस्सर अथवा युद्धात एकाएकी नष्ट झालेल्या आणि जिवंत स्मृतीत असलेल्या वास्तूंचा प्रश्न वेगळा आहे. युद्धात जमीनदोस्त होऊन पुन्हा बांधलेल्या वॉर्साच्या जुन्या शहराचा १९८० साली जागतिक वारशात समावेश झाला तो याच जाणिवेतून. पीटरहॉफचा समावेश १९९० साली सेंट पीटर्सबर्गच्या ऐतिहासिक परिसराबरोबर झाला.

लाखकामाच्या दालनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नष्ट झालेल्या फळ्या नव्याने रंगवण्याचे काम पालेख येथील कलावंतांनी केले. पालेख हे मूर्तिचित्रकारांचे गाव. क्रांतीनंतर धार्मिक चित्रांना वाव उरला नाही, तेव्हा तेथील कलावंत लाखकामाच्या लघुचित्रांकडे वळले. मूळ फळ्याही मूर्तिचित्रकारांच्याच होत्या. फळी नवी आहे, पण तिच्यामागील कौशल्याची परंपरा तुटलेली नाही. नेपच्यून कारंज्याची कथा याच्या उलट आहे. सतराव्या शतकात न्यूरेंबर्ग येथे घडवलेल्या या मूर्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियाने विकत घेतल्या होत्या. युद्धात जर्मनांनी त्या न्यूरेंबर्गला नेल्या; १९४७ साली त्या परत आल्या आणि १९५६ साली वरच्या उद्यानात पुन्हा बसवण्यात आल्या. म्हणजे पीटरहॉफमधील अस्सल नेपच्यून जर्मन हातांचा आहे आणि नवा सॅमसन रशियन हातांचा. अस्सल आणि नक्कल यांची सरळ विभागणी येथे अपुरी पडते.

पुनर्निर्माणात निवडही होती, हे मात्र विसरता येत नाही. अलेक्झांड्रिया उद्यानातील 'खालचा प्रासाद' हे शेवटचा झार दुसरा निकोलस याचे उन्हाळी निवासस्थान. १९०४ साली युवराज अलेक्सेयचा जन्म तेथेच झाला. युद्धात हानी पोहोचलेल्या या वास्तूची दुरुस्ती झाली नाही; १९६१ साली ती सुरुंगाने उडवण्यात आली. विजेत्या पीटरची स्मृती सोव्हिएत राज्याला सोयीची होती, पदच्युत निकोलसची नव्हती. काय पुन्हा बांधले, याइतकेच काय बांधले नाही, हेही इतिहासाचे साधन आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पीटरहॉफची उभारणी युद्धाच्या गरजेतून झाली आणि त्याचे वैभव हे सागरावरील अधिकाराचे जाहीर विधान होते. पुढील शतकांत ते दरबारी विलासाचे, कारस्थानांचे आणि नंतर लोकसंग्रहालयाचे स्थान बनले. ज्या सक्तीच्या श्रमातून ते उभे राहिले, त्याची नोंद त्याच्या वैभवाबरोबरच ठेवावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुनर्निर्माणाने मात्र या श्रमाचा अर्थ बदलला. पहिल्या वेळी हे काम सम्राटाच्या आज्ञेने आणि वेठीने झाले. दुसऱ्या वेळी आज्ञा राज्याचीच होती, पण ते करणाऱ्यांना आपले काही हिरावलेले परत मिळवावयाचे होते. सॅमसनच्या स्वागताला रस्त्यावर उभे राहिलेले लोक नुकतेच उपासमारीतून वाचलेले होते.

दर हिवाळ्यात येथील पाणी बंद होते आणि वसंत ऋतूत ते पुन्हा सोडले जाते. रोपशाचे झरे, कालवे, तलाव आणि झडपा यांची निगा राखली नाही, तर सोन्याच्या मूर्ती असूनही पीटरहॉफ मुके होईल. प्रासाद-परिसराचा इतिहास लिहिताना राजे आणि वास्तुकार यांच्याबरोबर कालव्याची राखण करणाऱ्यांचा आणि कोरीवकाम नव्याने शिकलेल्या कारागिरांचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे.